काचेच्या रबराखालचा गंज

गाडी धुताना बोटाला काहीतरी लागलं. पुढच्या काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, रबराला लागूनच, मसुराच्या दाण्याएवढा फोड आला होता. रंग कुठेही फाटलेला नव्हता, चकाकीही तशीच होती. नखाने दाबलं तर दबला आणि नख काढल्यावर हळूच वर आला. रंगाखालचा पत्रा जागेवर असेल तर असं होत नाही. मी बादली बाजूला ठेवली आणि त्या कोपऱ्याकडे बघत राहिले.

आधीच्या पावसात डाव्या बाजूचा गालिचा दोनदा ओला सापडला होता. संशय दरवाज्याच्या रबरावर होता. ते नवीन आणून बसवलं, तरी तिसऱ्यांदा पाणी आलंच. तेव्हा काचेकडे बघायला हवं होतं, ते मला सुचलं नाही. ते पाच महिने वाया गेल्याचं आजही वाईट वाटतं, कारण गंज थांबून राहत नाही.

गाडी १९७३ ची पोर्शे ९११ टी. पोर्शेने १९७६ च्या मॉडेलपासून ९११ ची बॉडी दोन्ही बाजूंनी गरम जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची बनवायला घेतली. माझी त्याआधीची. तिच्या काचेच्या चौकटीत साधा पोलादी पत्रा आहे, आणि त्याला वाचवायला असतो तो फक्त वरचा रंग.

चौकट कशी बांधलेली असते हे सांगते, म्हणजे पुढचं सगळं समजेल. काच थेट पत्र्याला लागत नाही. एका जाड रबरी पट्टीला दोन्ही बाजूंनी खाचा असतात. एका खाचेत काच, दुसऱ्या खाचेत पत्र्याचा काठ. बाहेरच्या अंगाला आणखी एक बारीक खाच असते, तिच्यात अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत पट्टी. हा पत्र्याचा काठ एकेरी नसतो. बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डने, म्हणजे ठिपक्याठिपक्यांच्या वेल्डिंगने, जोडलेले असतात. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत रंग धड पोचत नाही, पाणी मात्र पोचतं. काचेवरून ओघळलेलं पाणी खालच्या कोपऱ्यांत जमतं, म्हातारं झालेलं रबर ते धरून ठेवतं आणि फट ते आत ओढून घेते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. त्यामुळे तो फटीत वाढला की दोन पत्र्यांना पाचरीसारखा फाकवतो, फट आणखी रुंद होते आणि आणखी पाणी शिरतं. वरून फोड दिसेपर्यंत आतलं बरंचसं काम झालेलं असतं.

काच उतरवायला एक दुपार लागली. आधी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी काढली. ती फार नाजूक असते, एकदा मुडपली की ती रेघ कधीच जात नाही. म्हणून लाकडी पाचरीने बोटभर बोटभर उचलत गेले आणि काढलेले तुकडे सपाट फळीवर बांधून ठेवले. रबर वाचवायच्या भरीस पडले नाही. कडक झालेलं जुनं रबर वाचवायला गेलं की काच तडकते. ब्लेडने बाहेरचा ओठ चौफेर कापून टाकला. मग दादाने आतून दोन्ही तळहातांनी वरचा भाग सावकाश ढकलला, मी बाहेरून काच धरली. काच जुनी असली तरी चांगली होती आणि मला तीच परत बसवायची होती.

रबराखालून तपकिरी भुकटी निघाली. चहाच्या चोथ्यासारखी ओलसर, आणि तिच्यात पापुद्रे. या गाडीत डॅशबोर्डच्या वरच्या आच्छादनाची पुढची कड काचेच्या रबराखालीच दबलेली असते. तेव्हा काच निघाली की तेही काढून घ्यावं, नाहीतर वेल्डिंगच्या ठिणग्यांनी त्याची वाट लागते. आम्ही काढलं. खालच्या बाजूला पाण्याचे डाग होते, एकावर एक, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे. इथे बऱ्याच वर्षांपासून पाणी येत होतं.

मग डाव्या कोपऱ्यावर वायर ब्रश लावला आणि पत्र्याचा आवाजच आला नाही. पांढरी धूळ उडाली. माझ्याआधी कुणीतरी हा कोपरा पुट्टीने बनवला होता. पेचकस सरकवला तर बोटभर लांबीचा एक तुकडा सबंध निघून हातात आला. त्याच्या वरच्या अंगाला काठाचा वळसा, पायरी, रबर बसायची जागा, सगळं हुबेहूब तासलेलं होतं. खालच्या अंगाला गंजाचा ठसा. ज्याच्या हाताला एवढी सफाई होती त्याने पत्र्याचा तुकडा का जोडला नाही, हा प्रश्न मला फार लागला. पुट्टी पाणी शोषते. गंजलेल्या लोखंडावर ती लावणं म्हणजे ओला स्पंज पत्र्याला बांधून वरून रंग देणं. फटीत सिलिकॉनही भरलेलं होतं, आणि त्याच्या कडेने गंज जास्तच खोल गेला होता. घट्ट होताना आंबूस वास येणारं जे सिलिकॉन असतं, त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं आणि ते उघड्या लोखंडाला खातं. काचेभोवती ते कधीच वापरू नये.

पुढचे दोन दिवस मी काहीच दुरुस्त केलं नाही. फक्त शोधत होते. टोच्या घेऊन दर सेंटीमीटरला टोचायचं. पत्रा चांगला असेल तर टोच्या टणकन थांबतो, सडका असेल तर रुततो, आणि या दोहोंच्या मधला एक आवाज असतो, बोदा. तो ओळखायला थोडा वेळ लागतो. जिथे बोदा आवाज आला तिथे खडूने खूण केली. शेवटी हिशोब असा निघाला: डाव्या कोपऱ्यात २८ सेंटीमीटर काठ गेलेला, तोही बाहेरचा पत्रा पूर्ण आणि आतला अर्धा. उजव्या कोपऱ्याजवळ खालच्या सरळ भागात ९ सेंटीमीटर, फक्त बाहेरचा पत्रा. वरच्या बाजूला नुसता पृष्ठभागावरचा गंज, खाली पत्रा शाबूत. मसुराएवढ्या फोडामागे एवढं सगळं होतं.

वेल्डिंगआधीच्या तयारीत मी दादाचं काही ऐकलं नाही. ९११ चं इंजिन मागे आणि पेट्रोलची टाकी पुढे, काचेपासून हातभर अंतरावर. तो म्हणत होता की टाकीवर ओली गोणपाटं टाकू. मी टाकी रिकामी करून बाहेर काढायला लावली आणि दूरच्या खोलीत नेऊन ठेवली. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. बॅटरी काढली. डॅशबोर्डमागच्या वायरी गुंडाळून खाली बांधल्या. बाजूच्या काचांवर जाड आगरोधक कापड टाकलं, कारण ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुतून बसतात आणि ते बारीक खड्डे कशानेही जात नाहीत. अग्निशामक हाताशी ठेवला. शेवटची ठिणगी पडल्यावर अर्धा तास तिथून हलायचं नाही, हा नियम रोज पाळला. एकदा पत्र्याच्या आतल्या डांबरी थराचा एक तुकडा पंधरा मिनिटांनी धुमसायला लागला होता.

कापायची वेळ आली तेव्हा दादा म्हणाला, "अगं, दोन्ही पत्रे एकदमच काप. तासाभराचं काम आहे."

"दादा, मग काठ कुठे होता हे आपल्याला सांगणार कोण?"

तो जरा थांबला आणि म्हणाला, "बरं, तू सांगशील तसं."

माझ्या मते या कामातली खरी गोष्ट हीच आहे. सडलेला पत्रा कुणालाही कापता येतो. पण कापला की त्याच्यासोबत मापही जातं, आणि काच तर आपल्या जुन्याच मापाची असते. म्हणून आधी काचेचा खांब आणि खालचा पत्रा यांना जोडणारी एक जाड लोखंडी पट्टी तिरकी टाकून वेल्डच्या छोट्या छोट्या टाक्यांनी पक्की केली, म्हणजे चौकट हलणार नाही. उजव्या कोपऱ्याचा वळसा शाबूत होता. त्याचा पुठ्ठ्याचा साचा काढला आणि उलटा करून डावीकडे लावून पाहिला. मग फक्त बाहेरचा पत्रा कापला. स्पॉट वेल्ड ८ मिलीमीटरच्या ड्रिलने वरच्या पत्र्यापुरते उकरले, म्हणजे आतल्या पत्र्याला धक्का लागला नाही. आत डोकावले तर पोकळीत गंजाच्या खपल्यांचा थर साचलेला होता. बारीक नळी लावून तो सगळा ओढून काढला.

चांगल्या भागातला पत्रा व्हर्नियरने, म्हणजे जाडी मोजायच्या मापाने, मोजला, ०.९ मिलीमीटर भरला. त्याच जाडीचा साधा पोलादी पत्रा घेतला. आतल्या पत्र्याची दुरुस्ती सोपी होती, सपाट पट्टी, दोन घड्या. कस लागला तो बाहेरच्या पत्र्याच्या कोपऱ्याला.

परातीचा कोपरा नसतो म्हणून तिचा काठ सगळीकडे सारखा वळवता येतो. इथे आडवा काठ, त्याला लागून उभी पायरी, आणि हे सगळं एका तीव्र वळणावर. पायरी उभी करायला गेलं की बाहेरच्या बाजूचा पत्रा जास्तीचा होतो आणि त्याला चुण्या पडतात. चुणी एकदा दुमडली की संपलं, तिथे पत्रा चिरतो. कठीण लाकडाचे दोन ठोकळे पुठ्ठ्याच्या साच्याबरहुकूम कापले, कडा कानशीने गोल केल्या, त्यांच्या मधे पत्रा शिकंज्यात आवळला आणि लाकडी हातोडीने ठोकत गेले. पहिला तुकडा चिरला. दुसऱ्याला चुणी पडून दुमडली. तेव्हा लक्षात आलं की मी मधून ठोकायला सुरुवात करत होते आणि जास्तीचा पत्रा दोन्हीकडे पळत होता. तिसऱ्या वेळी वळणाचा भाग टॉर्चने लाल होईपर्यंत तापवला, सावकाश गार होऊ दिला, म्हणजे पत्रा मऊ पडतो. मग दोन्ही टोकांकडून मधे येत ठोकलं. चुणी उठतेय असं दिसलं की लगेच तिच्या टोकावर हलके ठोके देऊन तिला पत्र्यातच जिरवायचं. अडीच तास लागले. तुकडा जागेवर ठेवला आणि तो बसला. दादाने त्यावरून बोट फिरवलं आणि काही न बोलता मशीन सुरू केलं.

समोरासमोर येणारे सगळे पृष्ठभाग उघडे केले आणि त्यांना वेल्डिंगखाली चालणारा जस्ताचा प्रायमर मारला. काठावर दर २५ मिलीमीटरला ६ मिलीमीटरचं भोक पाडून घेतलं होतं. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे आपल्याला भोक भरून वेल्ड मारता येतो. वेल्डिंगची तार ०.६ मिलीमीटरची. लांब सांध्यावर आधी दूरदूर टाके, मग त्यांच्या मधे टाके, आणि प्रत्येक टाका हात लावता येईल इतका गार झाल्यावरच पुढचा. सलग ओढलं की उष्णतेने पत्रा आकसतो आणि बॉनेट आणि काच यांच्यामधला सपाट भाग खपाटीला गेलेल्या पोटासारखा आत जातो. जस्त तापलं की त्याचा धूर निघतो, त्याने ताप भरतो. दार-खिडक्या उघड्या, तोंडावर फिल्टरचा मास्क, आणि तरीही डोकं धुराच्या वाटेत नको.

सगळे वेल्ड भरण्याआधी, नुसत्या टाक्यांवर असताना, मी जुनी काच आणून चौकटीवर टेकवली. खाली रबराचे सारख्या जाडीचे बारा तुकडे ठेवले आणि चारी बाजूंनी फट मोजली. उजवीकडे सगळीकडे सारखी. डाव्या कोपऱ्यात ३ मिलीमीटर कमी. पुठ्ठा उलटा करताना मी पेन्सिलच्या रेघेच्या बाहेरून कापलं होतं, ती रेघेची जाडी आणि ठोकळ्यांच्या गोल कडांमधला फरक मिळून एवढा झाला. तीन मिलीमीटर डोळ्याला दिसत नाहीत. पण रबर त्या जागी चेपलं जाऊन काचेवर एकाच बिंदूला दाब आला असता आणि पहिल्या खड्ड्यात काच गेली असती. संध्याकाळचे सात वाजले होते. दादा दमला होता, मीही. अकरा टाके ग्राइंडरने तोडले, तुकडा सरकवला, एका बाजूने कानस मारली, पुन्हा टाके, पुन्हा काच. या वेळी फट चौफेर सारखी आली. काच नुसती टेकवून बघितली नसती तर हे रंगकाम झाल्यावर कळलं असतं.

काठाची जाडी हाही एक मुद्दा आहे, तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रबराची खाच ठरावीक जाडीसाठी असते. वेल्डचे उंचवटे राहिले किंवा प्रायमर-रंगाचे थर वाढले तर रबर काठावर पूर्ण बसत नाही आणि तिथूनच पाणी शिरतं. चांगल्या भागात काठ १.९ मिलीमीटर भरला होता. ग्राइंडरला ८० नंबरच्या सँडपेपरची फ्लॅप डिस्क लावून वेल्ड उतरवत, मधेमधे व्हर्नियर लावत, नवा भागही तेवढाच केला. डिस्क एका जागी थांबू दिली नाही, नाहीतर वेल्ड राहतो आणि शेजारचा पत्रा पातळ होतो.

वरच्या बाजूच्या खड्डेदार गंजाला फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावलं. ते गंजाचं लोहफॉस्फेट करतं, काळपट थर येतो. पण ते नीट धुवून वाळवलं नाही तर त्यावरचा इपॉक्सी प्रायमर धरत नाही. म्हणून धुतलं, घासलं, पुसलं, हीट गनने वाळवलं. मग सगळ्या उघड्या धातूवर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, दोन हात. सांध्यांवर सीलर, तोही इपॉक्सीच्या वर, उघड्या पत्र्यावर नाही. पुट्टी लागली ती फक्त बॉनेट आणि काच यांच्यामधल्या भागात, कागदाएवढी पातळ. रंगकाम मी स्वतः केलं नाही. दोन भागांच्या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो, तो आमच्याकडे नाही. रंगवणाऱ्याने छान केलं.

रंग पूर्ण वाळल्यावर पोकळीत मेण सोडलं. हा टप्पा वगळला असता तर बाकीची मेहनत पाच-सात वर्षांत पाण्यात गेली असती. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याच्या मागच्या बाजूचा रंग जळालेला असतो आणि तिथे ब्रश जाऊ शकत नाही. लांब नळीच्या टोकाला चौफेर उडणारा फवारा लावून, नळी पार आत घालून, हळूहळू मागे ओढत मेण मारलं. खालच्या सांध्यातून मेणाचे थेंब बाहेर आले तेव्हा खात्री पटली की ते फटीतून आरपार गेलं.

नवीन रबर सकाळभर उन्हात ठेवून मऊ केलं. आधी ते काचेवर चढवलं, मग अ‍ॅल्युमिनियमची पट्टी त्याच्या खाचेत बसवली. ती गाडीवर काच लावण्याआधीच बसवावी लागते, नंतर जात नाही. पत्र्याच्या खाचेत नायलॉनची दोरी चौफेर फिरवली, खाली मधोमध दोन्ही टोकं वीतभर एकमेकांवर चढवून आत सोडली. काठाला साबणाचं पाणी. दादा बाहेरून काच धरून, मी आत बसून दोरी ओढायला. दोरी बाहेर येते तसा रबराचा आतला ओठ काठावरून पलटून आत येतो, आणि बाहेरच्याने नेमक्या त्याच जागी तळहाताने थोपटायचं.

"दादा, कोपरा आला. दाब."

"दाबतोय. तू घाई करू नकोस."

पहिल्यांदा डाव्या कोपऱ्यात ओठ अर्धाच आला आणि दोरी निसटली. काच पूर्ण काढली, साबणाचं पाणी पुन्हा लावलं, दोरी पुन्हा फिरवली. दुसऱ्यांदा तो कोपरा आला तेव्हा ओठ पलटल्याचा एक मऊ, ओला आवाज झाला आणि रबर नव्या पत्र्यावर सपाट बसलं. मी आतून बोट फिरवत गेले. कुठेही अडलं नाही.

पाण्याची परीक्षा दुसऱ्या दिवशी. आतल्या काठाशी टिश्यू पेपरच्या पट्ट्या लावल्या. बाहेरून पाइपाचं पाणी, जोर न देता, आधी खालच्या कडेला, दहा मिनिटांनी बाजूंना, मग वर. वरून सुरुवात केली तर पाणी नेमकं कुठून आत येतंय ते कळत नाही. डावा कोपरा कोरडा. उजव्या बाजूला, पट्टीचे दोन तुकडे जिथे मिळतात तिथे, कागदावर नखाएवढा ओला ठिपका उमटला. रबराचा बाहेरचा ओठ उचलून तिथे न वाळणारं ब्यूटाइल सीलंट बारीक नळीने भरलं, ओघळलेलं पुसून घेतलं. पुन्हा चाळीस मिनिटं पाणी सोडलं. सगळ्या पट्ट्या कोरड्या राहिल्या.

त्यानंतर दोनदा जोराचा पाऊस झाला. दोन्ही वेळा सकाळी जाऊन मी जमिनीच्या पत्र्यावर हात फिरवला, कोरडा होता. गालिचा अजून गुंडाळून कपाटावर ठेवलाय. आणखी दोन पाऊस बघते आणि मग घालते.